पानगळ पाहायला मुलांना कधी न्यायचं आणि कुठे?



ऑक्टोबर लागला की पालकांच्या ग्रुपवर लाल-केशरी झाडांचे फोटो फिरायला लागतात. कुणाचा मामा अमेरिकेत असतो, कुणाची आत्या कॅनडात. त्याच सुमारास इंटरनेटवरून काढलेल्या वर्कशीट वर्गात येतात. वर ‘ऑटम’ असं लिहिलेलं, खाली मेपलचं टोकदार पान, त्यात लाल रंग भरायचा. मुलं आवडीने भरतात. आणि मग खिडकीबाहेर बघतात, तर सगळा परिसर हिरवागार! पाऊस नुकताच थांबलेला, ओढ्याला पाणी, शेतात भात तेवढं पिवळं पडायला लागलेलं. तिसरीतल्या एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, “बाई, आपली झाडं मागे पडलीत का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कागदावरचं बरोबर आणि आपल्या दारातलं चुकीचं, असं मुलाच्या मनात एकदा बसलं की परिसर अभ्यास हा विषय नुसता पाठांतराचा होऊन जातो. म्हणून मी माझ्या वर्गाला पानगळ बघायला नेते. पण ऑक्टोबरात नाही, तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंतच्या काळात. आणि एकदा नाही, दोनदा. ही भेट कशी ठरवायची, कुठे जायचं, मुलांना काय दाखवायचं आणि काय सांभाळायचं हे आज सविस्तर लिहिते. ज्या पालकांना सोसायटीतल्या चार घरांची मुलं घेऊन जायचंय त्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

शरद म्हणजे ऑटम का?

शब्दकोशात ऑटमला शरद ऋतू असा शब्द सापडतो. महिने बघितले तर ते जुळतंही. शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण आपल्या शरदात काय असतं? स्वच्छ आकाश, टिपूर चांदणं, कोजागरी, दिवाळी. पानं गळायला लागत नाहीत. आपल्याकडे पानगळीचा ऋतू म्हणजे शिशिर, माघ आणि फाल्गुन. मध्ये अख्खा हेमंत आहे. तेव्हा मुलांना ‘ऑटम म्हणजे शरद’ एवढंच पाठ करून घेतलं की घोटाळा पक्का. मी फळ्यावर दोन ओळी लिहिते: तिकडची पानगळ ऑक्टोबरात, इकडची पानगळ शिशिरात. मग विचारते, “असं का बरं?” उत्तर लगेच देत नाही.

तुमच्यासाठी मात्र देते. थंड प्रदेशात झाडाला कळतं ते दिवस लहान होण्यावरून आणि वाढत्या थंडीवरून. पुढे जमीन गोठणार, मुळांना पाणी मिळणार नाही, म्हणून झाड हिवाळ्याच्या आधीच पानं टाकतं. जपानमध्ये तर ही रंगांची लाट सप्टेंबरात उत्तरेला होक्काइदोच्या डोंगरांवर सुरू होते आणि दक्षिणेकडे सरकत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोला पोचते. तिथे लोक ठरवून गटागटाने पानं बघायला जातात, त्याला मोमिजिगारी असा खास शब्द आहे. आपल्याकडे जमीन गोठत नाही, पण वाळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस पडतो, नंतर ओल हळूहळू खाली जाते, आणि माघापर्यंत वरची जमीन कोरडी होते. पानातून तर पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च चालूच. झाड खर्च बंद करतं. दोन्हीकडे अडचण पाण्याचीच, फक्त ती येते वेगवेगळ्या महिन्यात.

हे शब्दांनी सांगून मुलांना पटत नाही. जानेवारीतल्या एखाद्या उन्हाच्या दिवशी शाळेतल्या जास्वंदीच्या किंवा कडुनिंबाच्या हिरव्या फांदीला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. मधल्या सुट्टीनंतर बघा. पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. “एका फांदीतून एवढं, मग अख्ख्या झाडातून किती?” हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागत नाही, मुलंच विचारतात.

पान गळण्याआधी काय होतं

सहलीआधीच्या तासाला एवढं झालेलं असावं, नाहीतर मुलं नुसती पानं गोळा करून परत येतात.

पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. झाड पान टाकायचं ठरवतं तेव्हा आधी त्यातला माल परत घेतं. नत्र, स्फुरद अशी मोलाची द्रव्यं पानातून फांदीत माघारी जातात. मी मुलांना सांगते, आपण महिनाभर गावाला जाताना आई काय करते? डबे रिकामे करते, दूध-भाजी संपवते, मग कुलूप लावते. तसंच. हरितद्रव्य मोडून जातं आणि आतला पिवळा रंग दिसायला लागतो. हा पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल रंगाचं मात्र वेगळं आहे. तो बऱ्याच झाडांत शेवटी शेवटी नव्याने तयार होतो. त्याच वेळी देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर बनतो. तिथून पान सुटतं. फांदीवर जखम उघडी राहत नाही, ती जागा आधीच बंद झालेली असते.

हे दाखवायला सगळ्यात सोपं झाड म्हणजे देशी बदाम. कितीतरी शाळांच्या आवारात तो असतो आणि आपण त्याच्याकडे झाडणकाम वाढवणारं झाड म्हणून बघतो! गळायच्या आधी त्याची पानं चांगली लालभडक होतात. ज्यांना परदेशी फोटोतला लाल रंग हवाय त्यांनी हिवाळ्यात बदामाखाली जाऊन उभं राहावं. त्याच्या जाड फांदीवर पानं सुटलेल्या जागेचे वण स्पष्ट दिसतात. वणाच्या जरा वर बारीकसा डोळा असतो, पुढचं पान किंवा फांदी तिथूनच येणार. शेतकऱ्यांच्या मुलांना डोळा हा शब्द उसामुळे माहीत असतो, त्यामुळे ती इथे एकदम पुढे येऊन इतरांना समजावतात. त्यांना बोलू द्या.

तारीख कशी ठरवायची

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. शाळांच्या सहली साधारण डिसेंबर-जानेवारीत उरकतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे शिष्यवृत्तीची तयारी, वार्षिक परीक्षेचे वेध. त्यामुळे ‘सहल’ म्हणून हे बसवायला गेलात तर बसणार नाही. याला परिसर भेट म्हणा आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत बसवा. आनंददायी शनिवारच्या उपक्रमात हे अगदी चपखल बसतं.

दुसरी अडचण अशी की मुख्याध्यापकांना आणि पालकांना तारीख हवी असते आणि झाड तारीख देत नाही. ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी ओल जास्त दिवस टिकते आणि पानगळही मागे जाते. एकाच गावात ओढ्याकाठचं झाड हिरवं असतं आणि टेकडीवरचं त्याच जातीचं झाड उघडं. कॅलेंडरातला माघ महिनाही दर वर्षी पुढेमागे होतो, अधिक मास आला की तर चांगलाच सरकतो. म्हणून मी अर्जात एक तारीख लिहीत नाही. ‘फेब्रुवारीतील पहिल्या तीन शनिवारांपैकी एक’ असं लिहिते आणि संमतीपत्रावरही तेच. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. नक्की शनिवार आठवडाभर आधी कळवायचा.

तो नक्की करायचं काम मुलांकडे. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मुलाने घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरचं एक झाड निवडायचं. ते त्याचं झाड. दर सोमवारी वर्गातल्या तक्त्यावर चारपैकी एक खूण करायची: सगळं हिरवं, थोडं पिवळं, निम्मं गळलं, उघडं. चाळीस मुलांचा तक्ता दोन महिन्यांत असा काही भरतो की कुठलं झाड लवकर गळतं, कुठलं गळतच नाही हे आपोआप दिसतं. आंबा निवडलेली मुलं सुरुवातीला हिरमुसतात, कारण त्यांची खूण बदलतच नाही. त्यांना म्हणायचं, झाडाखाली बघा. आंब्याखाली वाळकी पानं बारा महिने असतात. म्हणजे सदाहरित झाडाचीही पानं गळतात, फक्त सगळी एकदम गळत नाहीत. ही गोष्ट पुस्तकातल्या व्याख्येवरून कधीच कळली नसती. तक्त्यावर ‘निम्मं गळलं’च्या खुणा वाढल्या की पुढचा शनिवार आपला.

कुठे जायचं

लांब जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. चालत अर्ध्या तासाच्या आत जे असेल ते. सहलीची वर्गणी भरता न येणारं मूल नेमकं त्या दिवशी आजारी पडतं, हे आपण सगळे शिक्षक जाणतो. चालत गेलं की कुणी आजारी पडत नाही. शिवाय दुसऱ्यांदा त्याच जागी जायचंय, तेव्हा जागा जवळच हवी.

आपल्या महाराष्ट्रात पानझडी जंगल भरपूर आहे. विदर्भातल्या शाळांना तर विचारायलाच नको, मेळघाट, पेंच, ताडोबा हा सगळा सागाचा मुलूख. पण त्यासाठी व्याघ्र प्रकल्पात जायची काहीच गरज नाही, गावाशेजारचा सागाचा पट्टा पुरेसा आहे. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याला साग, ऐन, पळस, काटेसावर, पांगारा सापडतात. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडं या दिवसांत पानं टाकून फिकट गुलाबी फुलांनी भरतात. मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. महाबळेश्वरला मात्र यासाठी जाऊ नका, तिथलं जंगल सदाहरित, पानगळीसाठी नेलेली मुलं स्ट्रॉबेरी खाऊन परत येतील.

जिथे यातलं काहीच नाही, म्हणजे भर शहरात, तिथे एक गल्ली निवडा. पिंपळ, कडुनिंब, बदाम, शेवगा एवढी चार झाडं कुठल्याही गल्लीत निघतात आणि तेवढी पुरतात.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात गेलात तर एक नियम आधी सांगून ठेवा: तिथून खाली पडलेलं पानसुद्धा उचलून आणायचं नाही. वनखात्याच्या इतर जमिनीवर जायचं असेल तर वनरक्षकांना आधी भेटा. बहुतेक वेळा ते स्वतःच बरोबर यायला तयार होतात, आणि आले तर त्या दिवशी मुलांना आपल्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकावंसं वाटतं.

ज्यांची शाळा एवढी गैरसोयीची आहे की वाहन लागणारच, त्यांनी एसटीच्या आगारात चौकशी करावी, शालेय सहलींना सवलत मिळते.

आदल्या आठवड्याची पाहणी

शिक्षकाने एकट्याने एकदा जाऊन यायचंच. झाडं बघायला कमी, आणि खालच्या गोष्टी बघायला जास्त.

सगळ्यात आधी खाजकुयली. हिच्या शेंगा नेमक्या याच दिवसांत वाळतात आणि त्यावरची लव वाऱ्याने उडते. एका मुलाच्या हाताला लागली की तो हात लावेल त्या सगळ्यांना खाज. वाटेत वेल दिसला तर वाटच बदला. दुसरं, आग्या मोहोळ. काटेसावरीसारख्या उंच झाडांवर ही मोहळं असतात आणि फुलांचा हंगामही हाच. म्हणून अत्तर, सेंट लावून यायचं नाही, आरडाओरडा नाही. मी शिट्टीही वापरत नाही. हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून गप्प व्हायचं, हे आधी मैदानावर दोन-तीनदा घोटून घेते. तिसरं, बिब्ब्याचं झाड. त्याच्या फळांचा चीक लागला की कातडी भाजल्यासारखी होते. ते झाड मुलांना लांबून दाखवून ओळख करून द्यावी हे उत्तम. चौथं, वणवा. पाचोळा वाळलेला असतो, वारा असतो. गेल्या आठवड्यात आसपास कुठे जाळ लागला होता का, कुणी बांध पेटवतंय का, हे गुराख्यांना विचारून घ्या. धूर दिसला तर त्या दिवशी जायचं नाही. पालकांपैकी कुणी बिडी-सिगारेट ओढत असतील तर त्यांना आधीच, पण गोडीत सांगावं.

पाचोळ्यात हात घालायचा नाही हा नियम वेगळा सांगायलाच हवा. आधी काठीने हलवायचं. साप-विंचू तिथे दिसतीलच असं नाही, पण पाचोळा हे त्यांचं घर आहे. पायात बूट हवेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांची सोय आधी बघून ठेवा, आदल्या वर्षीच्या मुलांचे लहान झालेले बूट मी जपून ठेवते.

भेटीची सकाळ

साडेसात-आठला निघायचं आणि साडेदहा-अकराच्या आत परत. फेब्रुवारीच्या मध्यानंतर उघड्या झाडांखाली सावलीच नसते, ही गोष्ट विसरायला होते. प्रत्येकाकडे पाण्याची बाटली, डोक्याला टोपी किंवा रुमाल, वही, पेन्सिल, जुनं वर्तमानपत्र. डबा शाळेत परत आल्यावर.

चाळीस मुलं असतील तर आठ-आठचे पाच गट. प्रत्येक गटाला एक पालक आणि एक गटनायक. एक शिक्षक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. प्रत्येक मुलाला एक ते चाळीस यातला क्रमांक. थांबलो की क्रमांक म्हणायचे, कोण नाही ते अर्ध्या मिनिटात कळतं. पालकांमध्ये आजी-आजोबांना आवर्जून बोलवा. पळसाच्या पानांची पत्रावळ लावलेली आजी गटात असेल तर तुमची अर्धी तयारी वाया गेली म्हणून समजा, आणि ती आनंदाने जाऊ द्या. “पळसाला पानं तीनच” ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. एका देठाला खरंच तीन पानं आहेत हे आजी दाखवते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रत्येक गटाला एक झाड द्यायचं. पाच झाडं धावत बघण्यापेक्षा एका झाडाखाली वीस मिनिटं बसलेली बरी. आधी पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. सागाचं वाळकं पान पडताना केवढा आवाज होतो! फूट-दीड फुटाचं पान, ते फांद्यांना आपटत खाली येतं. मग सुतळीचा एक चौरस, बाजू एक मीटर, जमिनीवर टाकायचा आणि त्यातली पानं मोजायची. सगळी एकाच झाडाची आहेत का? वाऱ्याने आलेली कुठली? सगळ्यात खालची पानं कशी दिसतात? खालच्या थरात जाळीदार, अर्धवट कुजलेली पानं सापडतात, त्याखाली काळी भुसभुशीत माती. काठीने अलगद उलगडत गेलं की मुलांना पान ते माती हा प्रवास एका चौरसात दिसतो.

नंतर दोन पानं हातात घ्यायची, एक झाडावरचं पिवळं आणि एक झाडावरचं हिरवं. पिवळं नुसतं बोट लावल्याबरोबर सुटतं. हिरवं ओढावं लागतं आणि सालीचा तुकडा घेऊन निघतं. (गटागणिक एकच हिरवं पान, आणि ते मोठ्यांनी तोडायचं.) देठाच्या टोकाशी दोघांत काय फरक दिसतो ते वहीत काढायचं. मी लिहिण्यापेक्षा चित्रावर भर देते, कारण लिहायला सांगितलं की मुलं आपल्या तोंडचं वाक्य उतरवतात.

एवढं करूनही वेळ उरला तर रंगांची रांग. हिरव्यापासून तपकिरीपर्यंत पानं जमिनीवर ओळीने मांडायची. यात भांडणं होतात, पिवळसर हिरवं आधी की हिरवट पिवळं, आणि ती होऊ द्यावीत.

दुसरी भेट

तीन-चार आठवड्यांनी, होळीच्या आसपास, त्याच झाडांकडे परत जायचं. ही भेट टाळायचा मोह होतो, कारण परीक्षा जवळ आलेली असते. पण दोन्हीतली एकच करायची असेल तर मी ही करेन. आपल्याकडच्या पानगळीचं वेगळेपण यात आहे. थंड देशात पानं गेली की झाड कित्येक महिने तसंच उभं असतं. आपल्याकडे कितीतरी झाडांना, भर उन्हाळा पुढे असताना, पाऊस तीन महिने लांब असताना, नवी पालवी फुटते. आणि आपला लाल रंग जाणाऱ्या पानांपेक्षा येणाऱ्या पानांत जास्त असतो! पिंपळाची पालवी तांबूस, आंब्याची तपकिरी-जांभळट, मोहाची तांबडी. कुसुंबाचं झाड तर असं लाल होतं की लांबून फुललंय असं वाटावं. कोवळ्या पानातला हा लाल रंग त्याला कडक उन्हापासून वाचवत असावा असं मानतात. पान मोठं झालं की तो जातो आणि हिरवा येतो.

पळस, पांगारा, काटेसावर तोवर बिनपानांचीच फुललेली असतात. पानं नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, पक्षी येतात. पहिल्या भेटीत ‘हे झाड मेलंय’ असं ज्या मुलांनी वहीत लिहिलं होतं त्यांना या वेळी तेच पान उघडायला सांगायचं. काही बोलायची गरज पडत नाही.

कडुनिंबाची कोवळी तांबूस पालवी गुढीपाडव्याच्या आसपास हमखास असते. पाडव्याला आपण तीच खातो. विदर्भातल्या शिक्षकांनी तेंदूची पालवी जरूर दाखवावी. थोड्याच दिवसांत ती पानं तोडायला मुलांचे आई-वडील जाणार असतात, त्यावर कित्येक घरांचा उन्हाळा चालतो. मोहाखालचा पाचोळा फुलं वेचायला सोपं जावं म्हणून काही ठिकाणी पेटवतात आणि तिथून आग पसरते. हा विषय वर्गात काढावा, पण कुणाच्या घरच्यांना दोष देत नाही याची काळजी घेऊन. एका मुलीने “आधी झाडून घ्यायचं, मग फुलं पडतात” हा घरचा उपाय सांगितला होता. तो जाळण्यापेक्षा चांगला आहे.

काश्मीरबद्दल

दरवर्षी दोन-तीन पालक विचारतात, दिवाळीच्या सुट्टीत चिनार बघायला काश्मीरला गेलो तर? जरूर जा. आपल्या देशात लाल-केशरी पानगळ बघायला याहून प्रसिद्ध जागा नाही. काश्मीरमध्ये या ऋतूला हरूद म्हणतात. श्रीनगरच्या विद्यापीठातल्या नसीम बागेत मोठमोठे जुने चिनार आहेत. रंग साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भरात असतो. तेव्हा ज्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या विसाच्या आसपास येते, त्या वर्षी सुट्टीच्या सुरुवातीला गेलात तर बरीच पानं हिरवीच मिळतील. सुट्टीचा शेवटचा आठवडा धरा. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर प्रश्नच नाही. मुलाला तिथून चिनाराचं एक खाली पडलेलं पान वहीत घालून आणायला सांगा, फेब्रुवारीत आपल्या सागाच्या पानाशेजारी ते लावता येतं. आणि वर्गात दाखवताना ‘तिकडचं सुंदर’ असा सूर लागणार नाही एवढं बघा.

परत आल्यावर

आणलेली पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवा, वर वह्यांचा गठ्ठा, आठ-दहा दिवसांत चांगली सुकतात. उरलेला पाचोळा शाळेच्या खड्ड्यात. आवारातला पाला पेटवायची सवय बऱ्याच शाळांत अजून आहे. सुतळीच्या चौरसातली काळी माती बघून आलेली मुलं पुढच्या वेळी स्वतःच अडवतात, त्यामुळे शिपाई मामांशी तेवढं आधी बोलून ठेवा.

सोमवारचा तक्ता मार्चअखेर बंद करू नका. सागाचा रकाना तेव्हा ‘उघडं’वरच अडकलेला असतो, त्याची नवी पानं पावसाच्या तोंडावर येतात. तोवर शाळेला सुट्टी लागलेली असते. ज्यांच्या वाटेवर साग आहे त्यांनी मे महिन्यात घरूनच तारीख लिहून ठेवायची. कोवळं पान हातावर चोळायचं, तळहात लाल होतो. जूनमध्ये शाळा उघडली की तारखा तक्त्यावर चढवायच्या आणि तक्ता चौथीच्या वर्गशिक्षकांकडे द्यायचा, म्हणजे डिसेंबरात त्यांना दुसऱ्या वर्षाचा रकाना शेजारी आखता येतो.